मख्ख म्हणजे मठ्ठ नव्हे हो!
आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की मख्ख म्हणजे मूर्ख, म्हणून कुणाला मख्ख म्हणू नका, शिवी आहे ती. अहो नाही! डोक्याने जड तो मठ्ठ. मख्ख हा चेहऱ्याचा शब्द आहे, म्हणजे तुम्ही जीव तोडून जोक सांगताय, सगळे लोळतायत आणि एकजण भिंतीसारखा बघत बसलाय, तो मख्ख, मग तो गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा का असेना. कौतुकाचा शब्द नाहीये हे मान्य, पण शिवी? छे. तसंच मख्ख आणि सुतकी पण एक नाही, सुतकी चेहऱ्यावर दुःख दिसतं, सुतकावरूनच आलाय तो, मख्ख चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. आणि निर्विकार म्हटलं की लगेच साधुसंत आठवतात, म्हणजे मनातच खळबळ नाही, मख्ख माणसाच्या मनात काय चाललंय देव जाणे. त्याच फॉरवर्डमध्ये ‘मक्ख’ लिहिलंय, ते हिंदी मक्खीच्या वळणावर गेलं, मराठीत लख्ख, अख्खा तसंच मख्ख, दोन्ही ख. बाकी हे सगळं मी काकांना समजावलं तर ते मख्खपणे ऐकून परत तोच फॉरवर्ड दुसऱ्या ग्रुपवर टाकून मोकळे.