जुन्यांनाही लावा म्हणे!

आज परत तेच वाचलं. अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांची नावं सरकारी यादीत ठेवतात आणि त्यांच्यावर अटी घालतात, त्या नोंदणीवर कुणीतरी लिहिलं होतं. खाली सगळे एका सुरात, "जुन्यांनाही, म्हणजे कायदा येण्याआधी गुन्हा केलेल्यांनाही, लावा कायदा, त्यांचे कसले लाड?" डोकंच फिरलं.

मिशिगनचा एक माणूस घ्या. त्यानं आणि आणखी पाच जणांनी या नोंदणीच्या अटींविरुद्ध खटला भरला. निकालपत्रात त्याचं नाव नाही, नुसता जॉन डो (ओळख लपवायला कोर्टात वापरतात ते नाव). १९९० मध्ये एका रेस्टॉरंटवर दरोडा घातला, त्यात अपहरणाचं कलम लागलं. लैंगिक असं त्यात काहीच नव्हतं. तरी हा लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत! गुन्हा घडला तेव्हा राज्यात अशी यादीच नव्हती. ती १९९५ मध्ये आली, तीही फक्त पोलिसांपुरती. १९९९ पासून इंटरनेटवर. २००६ मध्ये शाळेपासून १००० फुटांच्या आत राहायला, काम करायला, रेंगाळायला बंदी. २०११ मध्ये तीन श्रेणी: यादीत १५ वर्षं, २५ वर्षं किंवा जन्मभर. श्रेणी ठरते ती कलम बघून. माणूस आज धोकादायक आहे का, हे कुणी तपासत नाही. गाडी बदलली, नवा ईमेल उघडला, की तेव्हा तीन कामकाजी दिवसांत स्वतः जाऊन सांगावं लागायचं.

त्या १००० फुटांचंच बघा. मोजायचे कुठून? दारापासून की प्लॉटच्या हद्दीपासून? सरळ रेषेत की रस्त्यानं? कायदा गप्प होता. शाळेच्या जागेची हद्द नेमकी कुठे संपते हे ना त्या माणसाला ठाऊक होतं, ना पोलिसाला. आणि चुकलं तर तुरुंग. अपील न्यायालयानं तर निकालपत्रात मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराचा नकाशाच छापला, कुठे कुठे राहता येणार नाही ते दाखवायला.

अमेरिकेच्या घटनेत राज्यांना सरळ मनाई आहे (अनुच्छेद १, कलम १०): गुन्ह्यानंतर शिक्षा वाढवायची नाही. म्हणून मग म्हणायचं, ही शिक्षा नाहीच, दिवाणी नियमन आहे! २००३ मध्ये 'स्मिथ विरुद्ध डो' खटल्यात (हा डो वेगळा) सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी हे मान्य केलं. पण ती अलास्काची यादी होती. तिथे माहिती कळवायला स्वतः हजर राहावं लागत नव्हतं, राहण्याच्या जागेवर बंदी नव्हती. राज्यांनी तो निकाल ढालीसारखा पुढे धरला आणि मागून एकेक अट वाढवत नेली.

लेकरांच्या आईबापांची भीती खरी आहे, कबूल. पोलिसांकडे यादी असू दे, माझं काही म्हणणं नाही.

पण त्या दरोडेखोरानं १९९० च्या गुन्ह्याची शिक्षा तेव्हाच्या कायद्यानं घेतली. सरकारी वकिलाशी तडजोड करून गुन्हा कबूल करणारे तर हिशेब करूनच सही करतात. जी अट अस्तित्वातच नव्हती ती हिशेबात धरायची कशी?

२०१६ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं (मिशिगन ज्याच्या हद्दीत येतं ते केंद्रीय न्यायालय) स्पष्ट सांगितलं, २००६ आणि २०११ च्या दुरुस्त्या जुन्यांना लावणं ही शिक्षाच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याचं अपील ऐकायलाही नकार दिला. झालं? कुठलं! निकाल होता सहा फिर्यादींपुरता. बाकीचे हजारो लोक त्याच अटींवर हजेऱ्या लावत राहिले. विधिमंडळानं कायदा बदलला तो २०२० च्या अखेरीस, आणि बदल लागू झाला २०२१ मध्ये.

कुणाच्या ओळखीत असं प्रकरण असेल तर आधी तारखा कागदावर मांडा: गुन्हा, शिक्षा, प्रत्येक दुरुस्ती. वकिलाला पहिलं हेच लागतं. दुसऱ्या राज्यात जाण्याआधी तिथला कायदा तपासा. जुन्या राज्यात मुदत संपली असली तरी नव्या राज्यात नोंदणी नव्यानं गळ्यात पडू शकते. परदेशी जायचं तर २१ दिवस आधी कळवावं लागतं. आणि निकालाची बातमी वाचून हजेरी बंद करू नका. राज्याची अट सुटली तरी २००६ चा केंद्रीय कायदा वेगळा उभा असतो, आणि त्यात नोंदणी टाळल्याची शिक्षा १० वर्षांपर्यंत आहे. आपल्या नावाचा आदेश हातात पडेपर्यंत जात राहायचं, आणि दर वेळी पोच मागून घ्यायची.