‘चांगला एरिया’ म्हणजे काय हो?

नोकरीसाठी ओहायोतल्या कोलंबसला आलो. घर कुठे बघू, एवढंच विचारलं. जो तो शहराला लागून असलेल्या एकाच उपनगराचं नाव घेतो, "डब्लिन. डोळे झाकून डब्लिन!" का? "शाळा चांगल्या." अहो, आम्हाला अजून मूलबाळ नाही! "मग पुढे विकताना बरं." शहरातल्या क्लिंटनव्हिल वस्तीचं नाव काढलं की नाकं मुरडतात. जर्मन व्हिलेज? "पार्किंग मिळत नाही." तिथल्या विटांच्या रस्त्यांवरून एकदा तरी पायी फिरलात का? शहराभोवतीच्या आय-२७० या रिंगरोडच्या आत पाऊल न टाकणारी माणसं आत किती वाईट आहे ते छातीठोकपणे सांगतात! पत्ता कोलंबसचा आणि शाळा डब्लिनची, अशीही घरं आहेत, कारण शहराची आणि शाळांची हद्द एक नाही. हे एकाने तरी सांगावं? नाही.

बायकोकडे लायसन्स नाही. या शहरात १९७९ पासून प्रवासी रेल्वे नाही. बसथांबा चालत गाठता येईल असं घर हवंय, बस्स! शनिवारी बर्फाच्या चिखलात थांब्यापर्यंतची पावलं मोजत होती बिचारी. बसचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "दुसरी गाडी घ्या ना!"

आणि ‘चांगला एरिया’ म्हणजे नेमकं काय? शेजारी कोण राहतं, हेच ना? मग तसं तोंडाने बोला की!