आधी पडदा कुणी रंगवला ते बघा

‘सिनेमाने कोल्हापूरची चित्रकला गिळली, आणि आता गॅलरीत प्रोजेक्टर लावणारे चित्रकार सिनेमाची उसनवारी करतात’ असा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. कलापूर म्हणवणाऱ्या गावात हे वाचून गप्प बसवत नाही.

‘गिळली’ म्हणता, तर इथे सिनेमा उभा केला कुणी? आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या नात्यातल्या भावांनी. दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. आडनाव मागे पडलं आणि ‘पेंटर’ कायमचं चिकटलं. स्वतःचा कॅमेरा करायचा ध्यास दोघांचा. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी ते काम तडीस नेलं आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा त्यांचा मूकपट लोकांसमोर आला.

पडदे रंगवण्यात हात मुरलेल्या याच माणसाने पुढे स्टुडिओतला रंगवलेला पडदा हटवून भरीव सेट उभे केले. का, ते डोळ्यांसमोर आणून बघा. कापडावरच्या खांबाची सावली रंगवली तिथेच राहते; पुढे उभ्या नटाची सावली उन्हाबरोबर सरकते. नाटकात ते खपून जातं, कॅमेऱ्यात उघडं पडतं. माझ्या मते हे हेरायला चित्रकाराचाच डोळा लागतो. बाबूरावांकडे तयार झालेले फत्तेलाल ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे कलादिग्दर्शक झाले. चंद्रकांत मांढरे तर नटही आणि चित्रकारही. त्यांची चित्रं राजारामपुरीतल्या संग्रहालयात आजही बघता येतात. मग कुणी कुणाला गिळलं?

आता उसनवारी. मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या लघुपटाला १९६७ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल हा पुरस्कार मिळाला. चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ मध्ये चित्रकार आणि सिनेमावाले एकत्र काम करतील अशी कार्यशाळा उभारली आणि स्वतः नुसत्या रेषांचा चित्रपट केला. उधारी म्हणायची, तर ती दोन्ही वह्यांत मांडलेली आहे.

शिवाय गॅलरीतला व्हिडिओ म्हणजे तिकिटाविना सिनेमा नव्हे. थिएटरात वेळ दिग्दर्शकाच्या हाती असतो. गॅलरीत आपण मधूनच शिरतो, भिंतीजवळ जातो, मागे सरतो, तोच तुकडा पुन्हा फिरून येईपर्यंत थांबतो किंवा निघून जातो. ही चित्रासमोर उभं राहायची रीत झाली.

त्या मजकुरातलं एक दुखणं मात्र खरं: हाताने रंगवलेली पोस्टरं गेली, ब्रशवर पोट असलेल्यांची कामं गेली. पण ती फ्लेक्सच्या छपाईने नेली. तो राग सिनेमावर का काढता?