एका मिरीचा मिरासदार

लंडनच्या हॅरो भागात २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा सांगलीच्या मामांनी अभिनंदन करण्याआधीच विचारले, "सातबाऱ्यावर नाव कोणाचे?" मामा तलाठी म्हणून निवृत्त झाले आहेत आणि पृथ्वीवरील कोणत्याही जागेविषयी त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. नाव माझेच, असे मी छातीठोकपणे सांगितले खरे. परंतु भिंतींच्या आतली जागा तेवढी माझी, तीही मार्च २००६ पासून ९९ वर्षांपुरती, आणि खालची जमीन, वरचे छप्पर व वर्षाचे २५० पौंड भुईभाडे हे सारे फ्रीहोल्डरचे, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाचे, हेही पुढे कबूल करावे लागले. "म्हणजे तू मिरासदार नव्हेस, उपरी आहेस," मामांनी निकाल दिला.

२०२५ च्या जानेवारीत मी पहिल्यांदाच करारनामा नीट वाचला. (खरेदीच्या वेळी वकिलाने सगळे लिहून कळवले होते; मी तेव्हा स्वयंपाकघराच्या टाइल्स निवडण्यात गुंतलो होतो.) पट्ट्याची, म्हणजे त्या ९९ वर्षांच्या लीजची, ८० वर्षे आणि दोन महिने उरले होते. माझ्या आयुष्याला ती मुदत पुरून उरली असती. पण इंग्लंडातील कायद्याच्या लेखी ८० वर्षे म्हणजे लक्ष्मणरेषा आहे. १९९३ च्या कायद्याने मालकाला मोबदला देऊन पट्टा ९० वर्षांनी वाढवून मिळतो खरा, परंतु शिल्लक मुदत ८० वर्षांखाली घसरली की 'मॅरेज व्हॅल्यू' मोजावी लागते. पट्टा आणि मालकी यांचे लग्न लागल्यामुळे जी किंमत वाढते, तिचा निम्मा वाटा मालकाला द्यायचा, असा हा हिशेब. आपल्याकडे १९६१ साली कायद्याने बंद झालेला हुंडा मला हॅरोमध्ये भेटला. २०२४ च्या नव्या कायद्यात तो रद्द करण्याची तरतूद आहे. मात्र ते कलम अजून अंमलात आले नव्हते आणि माझ्या हाती फक्त दोन महिने होते.

त्यात आणखी एक मेख होती. पट्टा वाढवून मागण्यासाठी फ्लॅट किमान दोन वर्षे आपल्या नावावर असावा लागे, आणि माझी दोन वर्षे ऑक्टोबरात भरणार होती. सुदैवाने ३१ जानेवारी २०२५ रोजी ही अट रद्द झाली. सरकारने ती माझ्यासाठीच रद्द केली, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे.

पट्टा वाढवून मागताना मालकाला द्यायच्या नोटिशीत आपण देऊ करतो ती रक्कम लिहावी लागते, म्हणून आमचा मूल्यमापक आला. पाहुणे येणार म्हटल्यावर सौभाग्यवतींनी सकाळपासून घर लख्ख केले, आणि नव्या स्वयंपाकघराचे कपाट उघडून मी अभिमानाने सांगितले, "हे सगळे आम्ही करून घेतले." त्या गृहस्थाने लेझरच्या यंत्राचा लाल ठिपका देवघरावर रोखून खोलीची लांबी मोजली आणि शांतपणे सांगितले, की भाडेकरूने केलेली सुधारणा हिशेबात धरत नाहीत, शिवाय फ्लॅटची किंमत जितकी कमी तितके तुमच्याच हिताचे. हा धडा घेऊन, फ्रीहोल्डरचा मूल्यमापक आला त्या दिवशी आम्ही दिवाणखान्यात ओल्या चादरी वाळत घातल्या आणि सुक्या बोंबलांना फोडणी दिली. त्याने चादरी हाताने बाजूला सारून मापे घेतली आणि जाताना बोंबलांची कृती विचारली. त्याची फी कायद्याने मीच भरायची होती, समोरच्या वकिलाचीही. वरात त्यांची आणि बँडचे पैसे माझे!

नोटीस रेषेच्या नऊ दिवस आधी पोहोचली. आम्ही ८,५०० पौंड देऊ केले होते. त्यांचे उत्तर मुदतीच्या अखेरच्या दिवशी आले, १५,४०० चे. त्यानंतर दोन सुशिक्षित मूल्यमापक, शंभर वर्षांनंतरच्या पौंडाची आजची किंमत किती यावर, मंडईत मेथीची जुडी घ्यावी तशी कित्येक आठवडे घासाघीस करत राहिले. न्यायाधिकरणाकडे जाण्याची धमकी दोन्ही बाजूंनी एकेकदा देऊन झाल्यावर सौदा ११,३०० वर ठरला.

आता आमचा पट्टा २१९५ पर्यंत आहे आणि भुईभाडे रद्द होऊन त्याजागी वर्षाला एक मिरी (इंग्लंडच्या कायद्यातले नाममात्र भाडे), तीही मागितल्यास, एवढेच देणे उरले आहे. हे वाक्य मी मामांना दोनदा वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"काळी की पांढरी, ते लिहिले आहे का?" मामांनी विचारले. लिहिलेले नाही, असे मी सांगितले. "मग काळीच दे," मामा म्हणाले, "आणि पावती घेतल्याशिवाय हातची सोडू नकोस."