रात्रीची बडबड आणि तो फिरता मेसेज

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात लिहिलंय, झोपायच्या वेळी बडबडणारं मूल झोप टाळायला नाटक करत असतं, त्याला एका शब्दानेही उत्तर देऊ नका. झोपेआधी पळवून पळवून दमवा आणि उशिरा झोपवा, पडल्या पडल्या डोळा लागेल. तरी गप्प होत नसेल तर शांतसा व्हिडिओ लावून द्या, आणि तेही नाही जमलं तर थोडी भीती दाखवा. यातलं एक अर्धं खरं आहे, बाकीचं सोडून द्यावं असं.

आधी ते नाटक. दोन-अडीच वर्षांचं मूल अंधारात एकटं पडलेलं असताना दाराबाहेरून कान देऊन ऐका. "ताई पडली. धप्पकन पडली. ताई रडली. मी नाही रडलो. मी नाही ढकललं." समोर कोणी नाही, मग हे नाटक कोणासाठी? रूथ वीर या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या अडीच वर्षांच्या मुलाची झोपेआधीची एकट्याची बडबड टेप करून ठेवली आणि १९६२ साली त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. पोरगा एकेक शब्द बदलून तीच वाक्यं पुन्हा पुन्हा घोळवत होता, म्हणजे चक्क भाषेचा सराव. पुढे मानसशास्त्रज्ञ कॅथरीन नेल्सन यांनी एका लहान मुलीची अशीच रेकॉर्डिंग तपासली. आई-बाबांशी बोलताना ती जेवढं बोलायची, त्याहून अवघड आणि लांब बोलणं ती एकटी असताना करत होती. दिवसभराचा पसारा मूल असा आवरत असतं.

सगळंच इतकं निरागस नसतं, हेही खरं. "पाणी हवं", "शू आली", "अजून एकच गोष्ट" ही फर्माइश आपल्यासाठीच असते. पण तिथेही आपल्या तोंडाला कुलूप लावणं अवघडच जातं. उत्तर मिळेना की मूल आवाज चढवतं, आपण दहाव्या हाकेला विरघळतो, आणि दहा हाका मारल्या की कोणीतरी येतं एवढं ते पक्कं शिकतं. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेली युक्ती मला पटते: झोपताना मुलाच्या हातात एक कार्ड द्यायचं. ते दिलं की एक मागणी पुरी होते आणि कार्ड आपल्याकडे जमा. मग त्या रात्रीपुरतं दुकान बंद. कार्ड काय ते कळण्याइतकं मूल मोठं हवं, तीनच्या पुढचं बरं.

आणि गप्पांना हक्काची वेळ द्या, दिवा मालवायच्या आधी. त्यानंतरही प्रश्न आलाच तर उत्तर तोकडं ठेवा. "आई, मासे झोपतात का?" "झोपतात, डोळे उघडे ठेवून. बाकीचं सकाळी." मात्र सकाळी तो विषय आपण आठवणीने काढायचा. नाही काढला तर "सकाळी" म्हणजे "कधीच नाही" हे मुलाला दोन दिवसांत कळतं, आणि मग ते रात्रीच सगळं वसूल करतं.

दमवण्याचा सल्ला अर्धा खरा आहे. जागेपणाचे तास वाढले की झोपेची ओढ वाढते, आणि दिवसा हुंदडलेलं मूल बरं झोपतं. पण ऐन झोपेच्या तोंडावर पळापळ केली की मूल चेकाळतं, आणि वेळ टळून गेलेलं मूल तर पेंगण्याऐवजी आणखी उधळतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये ३ ते ५ वर्षांसाठी दुपारची झोप धरून १० ते १३ तास सांगितले. रात्री अकराला झोपून सकाळी सातला उठणाऱ्याचे रात्रीचे आठच होतात.

उलटंही होतं. मुलाला झोप सव्वानऊला येते आणि आपण त्याला आठलाच आडवं करतो. मग तो सव्वा तास ते करणार काय, बडबडणारच! अशा वेळी काही रात्री खरोखर डोळा कधी लागतो ते बघा, झोपवायची वेळ तात्पुरती तिथे न्या आणि मग दर थोड्या दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. सकाळी उठायची वेळ मात्र हलवू नका. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबत असेल तर आधी तिला हात घाला.

व्हिडिओने तोंड बंद होतं, झोप येते असं नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात बसवलं. शरीराला झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं आणि उजेड काढल्यावरही बराच वेळ सावरलं नाही. मुलं दहाच होती आणि उजेड मोबाइलपेक्षा बराच जास्त होता, तेव्हा आकडा फोनला जसाच्या तसा लावू नये. पण संध्याकाळी घरातले दिवे मंद करायला एवढं कारण पुरे. शिवाय एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो, ते भांडण वेगळंच.

भीतीबद्दल काय बोलायचं? या वयात अंधाराची भीती तशीही असते, आणि घाबरलेलं मूल डोळे मिटून टक्क जागं राहतं.

मेसेजमध्ये यायला हवं होतं ते आलंच नाही. मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसभर चिडचिडं आणि पेंगुळलेलं राहत असेल, तर हे घरगुती उपाय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जमल्यास घोरण्याचा आवाज फोनवर टिपून न्या, कारण दवाखान्यात मूल जागंच असतं.