मेलोड्रामा म्हणून नाक मुरडण्याआधी

ऑस्कर मिशो यांच्या ‘विदिन अवर गेट्स’ (१९२०) या मूकपटाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. “ऐतिहासिक महत्त्व आहे हो” आणि “पण फारच मेलोड्रामा!” पहिल्यात कौतुकापेक्षा सवलत जास्त. भांडण आहे ते दुसऱ्याशी, म्हणजे भावना आणि योगायोग भडक करून दाखवल्याच्या आरोपाशी.

मिशो म्हणजे दक्षिण डाकोटात शेती केलेला, स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकलेला माणूस. कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शकाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा चित्रपट हाच. पाच वर्षं आधी गोरा दिग्दर्शक ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेला नायक केलं होतं. गोऱ्या स्त्रीची अब्रू धोक्यात, काळा नराधम मागे, घोड्यांवरून धावून येणारे तारणहार.

मिशोंची सिल्व्हिया (एव्हलिन प्रीअर) दक्षिणेतल्या काळ्या मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवायला बॉस्टनला जाते. हा भाग बरा आहे, इतकंच. चित्रपट पेटतो शेवटच्या फ्लॅशबॅकमध्ये. तिला वाढवणारा बाप जमीनमालकाकडे हिशेब मिटवायला जातो. मालकाला खिडकीतून गोळी घालतो एक गोराच, आळ येतो बापावर. जमाव त्या नवरा-बायकोचा झुंडबळी घेतो आणि त्याच वेळी मालकाचा भाऊ घरात एकट्या सिल्व्हियावर झडप घालतो. दोन्ही प्रसंग आलटून पालटून दिसतात. तंत्र ग्रिफिथचंच, पण इथे नराधम गोरा आहे आणि तारणहारांचा पत्ता नाही.

झटापटीत तिच्या छातीवरचा व्रण दिसतो आणि त्याला कळतं, ही आपलीच मुलगी! इथे लोक हसतात. का बुवा? गोऱ्या मालकांची काळ्या स्त्रियांच्या पोटी जन्मलेली मुलं त्या दक्षिणेत पिढ्यानपिढ्या होती, बाप फक्त त्यांना आपलं म्हणत नव्हते. ‘शुद्ध रक्ता’च्या गप्पा मारणाऱ्याला भर पडद्यावर त्याचं स्वतःचं रक्त दाखवायचं, तर व्रणापेक्षा थेट मार्ग कुठला?

आणि मिशो आपल्यांनाही सोडत नाहीत. मालकाचा चुगलखोर काळा नोकर एफ्रेम स्वतःला गोऱ्यांचा लाडका समजतो. सिल्व्हियाचा बाप अजून हाती लागलेला नसतो, म्हणून जमाव आधी त्यालाच लटकवतो. धर्मोपदेशक नेड गोऱ्यांची लाथ हसत खातो आणि दाराबाहेर आल्यावर स्वतःलाच शिव्या देतो. या एका दृश्यासाठी मी अख्खा चित्रपट पुन्हा बघेन.

१९१९च्या शिकागोतल्या काळ्या-गोऱ्यांच्या दंगलीत ३८ माणसं मेली होती; काही महिन्यांतच तिथल्या सेन्सॉरपुढे हा चित्रपट गेला. पुन्हा दंगल भडकेल या भीतीने आधी नकार, मग कात्री लावून परवानगी. पुढे तो हरवला आणि सापडला थेट स्पेनमध्ये, ‘ला नेग्रा’ नावाने. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये तो दुरुस्त करून घेतला.

माझी खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. एवढं सगळं दाखवल्यावर तिच्या प्रेमात पडलेला डॉक्टर विव्हियन सिल्व्हियाला लग्नाची मागणी घालतो ती काळ्या सैनिकांच्या पराक्रमाचे दाखले देत, देशाचा अभिमान बाळग म्हणून समजावत. अहो डॉक्टर, तिला वाढवणाऱ्या आईबापांना त्याच देशात जमावाने मारलंय!