नॉर्थ कॅरोलिनाच्या १० जागा: ‘जनतेचा कौल’ या दाव्याला उत्तर

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या काँग्रेसमधल्या (म्हणजे अमेरिकी संसदेतल्या) जागांबद्दल एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. केरी, मॉरिसव्हिल, शार्लट इथल्या मराठी घरांतही तो पोहोचलाय आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं तो पुढे पाठवताहेत. त्याचा मथितार्थ असा: २०२४ मध्ये या राज्यातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १४ पैकी १० रिपब्लिकन निवडून आले, हा सरळसरळ जनतेचा कौल आहे. डेमोक्रॅट मतदार दोन-तीन शहरांत दाटीवाटीने राहतात, म्हणून त्यांची मतं वाया जातात, त्यात कुणाचा दोष नाही. मतदारसंघांच्या सीमा हव्या तशा आखण्याचा उद्योग मुळात डेमोक्रॅटांनीच केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो चालवून घेतला आहे. आणि तरीही पटत नसेल तर आमदार बदला, रडीचा डाव कशाला?

यातल्या एक-दोन गोष्टींत तथ्य आहे, म्हणूनच मजकूर वाचणाऱ्याला पटतो. पण ज्या निष्कर्षासाठी तो लिहिलाय, तो चुकीचा आहे.

‘१० जागा जनतेने दिल्या’

लागोपाठचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहा. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत राज्यभरातल्या रिपब्लिकन उमेदवारांना मिळून सुमारे ५२ टक्के मतं पडली आणि जागा झाल्या ७-७. २०२४ मध्ये याच राज्याने ट्रम्प यांना सुमारे ५१ टक्के मतं दिली, त्याच दिवशी जॉश स्टाइन या डेमोक्रॅट उमेदवाराला जवळजवळ ५५ टक्के मतं देऊन गव्हर्नर केलं, आणि काँग्रेसच्या जागा झाल्या १०-४. रिपब्लिकनांची मतं वाढलेली दिसत नाहीत, जागा मात्र ३ वाढल्या.

मध्ये बदलला तो नकाशा. २०२२ चा नकाशा न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मदतीने तयार झाला होता. तो बाजूला सारून रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा आखला. जनगणना तीच, २०२० ची. प्रत्येक मतदारसंघात तेवढीच, सुमारे ७ लाख ४६ हजार माणसं. तरीही सहावा, तेरावा आणि चौदावा हे तीन मतदारसंघ असे फिरवले गेले की तिथल्या तिन्ही डेमोक्रॅट खासदारांनी पुन्हा उभं राहण्यात अर्थ नाही असं ठरवलं. त्यांतले जेफ जॅक्सन राज्याच्या महान्यायवादी पदासाठी उभे राहिले. म्हणजे अख्ख्या राज्याच्या मतांवर लढले, आणि जिंकले!

चौदाव्यात जॅक्सन यांच्या जागी कोण आलं, तेही बघा. टिम मूर. नकाशा मंजूर झाला तेव्हा ते राज्याच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती होते. नव्या चौदाव्या मतदारसंघात त्यांची क्लीव्हलँड काउंटी (म्हणजे जिल्हा) आली, नकाशा मंजूर झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी उमेदवारी जाहीर केली आणि ते निवडून आले. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं ते याला.

सहाव्यातली गोष्ट मला याहून गंभीर वाटते. मार्च २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षांतर्गत निवडणुकीत सहा जण उभे होते. अ‍ॅडिसन मॅकडॉवेल सुमारे २६ टक्के मतं घेऊन पहिले आले. दुसऱ्या क्रमांकाच्या मार्क वॉकर यांना फेरनिवडणूक मागता आली असती, पण त्यांनी माघार घेतली. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटांचा उमेदवारच नव्हता, कारण नव्या सीमांमध्ये जिंकायची आशा कुणाला नव्हती. साडेसात लाख लोकांचा खासदार एका पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीतल्या साधारण पाव मतदारांनी ठरवला. यात ‘जनतेचा कौल’ कुठे शोधायचा?

(काही जण इथे २०२४ मधल्या प्रतिनिधिगृहाच्या राज्यभरच्या मतांची बेरीज पुढे करतात. ती बेरीज फसवी आहे. सहाव्यात आणि तिसऱ्यात डेमोक्रॅटच नव्हता, मग तिथल्या डेमोक्रॅट मतदारांची मतं मोजणार कशी?)

‘डेमोक्रॅट शहरांत एकवटतात, म्हणून हरतात’

मजकुरातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. त्यात खरंही आहे: शार्लट, रॉली, डरॅम इथे डेमोक्रॅटांची मतं दाट आहेत आणि खेड्यापाड्यांत रिपब्लिकनांची. एका जागेवर एकच विजेता असला की अशी एकवटलेली मतं थोडी वाया जातातच. आपल्याकडच्या लोकसभेतही हे होतं. प्रश्न एवढाच, की भूगोलामुळे किती जागा जातात आणि आखणाऱ्याच्या पेन्सिलीमुळे किती.

हा प्रश्न न्यायालयात मोजून झाला आहे. आधीच्या, २०१६ च्या नकाशावरच्या खटल्यात (तेव्हा राज्याच्या १३ जागा होत्या आणि त्या १०-३ अशा रिपब्लिकनांच्या बाजूने गेल्या होत्या) ड्यूक विद्यापीठातले गणितज्ञ जोनाथन मॅटिंगली यांनी संगणकावर २४,५१८ पर्यायी नकाशे तयार केले. सगळे सारख्या लोकसंख्येचे, सलग आणि आटोपशीर. ही माणसं होती तिथेच होती, शहरं होती तेवढीच दाट होती. त्यांत ९९ टक्क्यांहून जास्त नकाशांत डेमोक्रॅटांना प्रत्यक्षापेक्षा निदान एक जागा अधिक मिळत होती. दुसऱ्या एका तज्ज्ञाने ३,००० नकाशे काढले. त्यांतला एकही नकाशा रिपब्लिकनांना १०-३ देत नव्हता. दोष भूगोलाचा असता तर या नकाशांतही तो दिसला असता.

आणि तसंही, तो नकाशा कसा आखला हे आखणाऱ्यांनी लपवलं नव्हतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुनर्रचना समितीचं काम पाहणारे डेव्हिड लुइस यांनी बैठकीत सांगितलं की १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट निवडून येतील असाच नकाशा आखावा असं माझं म्हणणं आहे, कारण ११-२ चा नकाशा काढता येईल असं मला वाटत नाही. हे सभेच्या नोंदीत आहे. ज्यांनी नकाशा काढला तेच हेतू सांगताहेत, आणि आपण त्यांच्या वतीने शहरांच्या दाटीचं कारण पुढे करतो आहोत.

ग्रीन्सबरोत नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी हे देशातल्या सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय विद्यापीठांपैकी एक आहे. २०१६ च्या नकाशात मतदारसंघाची सीमा या विद्यापीठाच्या मधोमध, लॉरेल स्ट्रीटवरून गेली. रस्त्याच्या एका बाजूच्या वसतिगृहांतली मुलं सहाव्या मतदारसंघात, दुसऱ्या बाजूची तेराव्यात. दोन्हीकडे खासदार रिपब्लिकन. एकाच खाणावळीत जेवणाऱ्या, एकाच वर्गात बसणाऱ्या मुलांचा कैवारी एक नाही. ही मुलं एकवटलेली होती म्हणून त्यांची मतं वाया गेली नाहीत, ती वाटून टाकली म्हणून गेली.

२०२३ च्या नकाशात हाच उपाय मोठ्या प्रमाणावर केला. ग्रीन्सबरो ज्या गिलफर्ड काउंटीत आहे तिची लोकसंख्या ५ लाख ४१ हजार, म्हणजे एका मतदारसंघाचा जवळजवळ तीन चतुर्थांश. ती अख्खी काउंटी एका जागेत ठेवून भोवतालचा थोडा भाग जोडणं सहज शक्य होतं. तिचे तीन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा दूरच्या ग्रामीण पट्ट्याला जोडला गेला. उलट रॉली, डरॅम आणि शार्लट इथे डेमोक्रॅट मतदार तीन मतदारसंघांत कोंबले गेले. तिथले उमेदवार दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश मतं घेऊन जिंकले. जिंकायला लागतात त्याहून कितीतरी जास्त. कुठे फोडायचं आणि कुठे कोंबायचं हे माणूस ठरवतो.

‘डेमोक्रॅटांनीच सुरू केलं’

खरं आहे. यात मी एक अक्षरही बदलणार नाही. १९९२ चा नकाशा डेमोक्रॅटांनी आखला होता. त्यातला बारावा मतदारसंघ शार्लटपासून डरॅमपर्यंत आय-८५ महामार्गाच्या कडेकडेने सुमारे १६० मैल सरपटत जायचा, काही ठिकाणी जेमतेम महामार्गाएवढा रुंद. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शॉ विरुद्ध रीनो खटल्यात त्यावर कडक ताशेरे ओढले. २०१० मध्येही, डेमोक्रॅटांच्या काळातल्या नकाशावर, रिपब्लिकनांना राज्यभरात सुमारे ५४ टक्के मतं मिळून १३ पैकी ६ च जागा मिळाल्या. तोही अन्यायच होता. मग २०११ मध्ये रिपब्लिकनांनी आखणी हातात घेतली आणि २०१२ मध्ये डेमोक्रॅटांना सुमारे ५०.६ टक्के मतं मिळून १३ पैकी ४ जागा मिळाल्या.

पण हा मुद्दा मांडणाऱ्याने आपण काय कबूल करतोय ते पाहावं. आधीच्यांनी नकाशाने जागा चोरल्या असतील, तर नकाशाने जागा चोरता येतात हे सिद्ध झालं. मग २०२४ च्या १० जागा नुसता ‘जनतेचा कौल’ कशा? एकाच मजकुरात ही दोन्ही वाक्यं नांदू शकत नाहीत.

‘सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं’

मान्य केलं नाही, हात झटकले. २७ जून २०१९ च्या रुचो विरुद्ध कॉमन कॉज निकालात ५-४ अशा बहुमताने ठरलं की पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीचा न्याय करणं संघराज्याच्या न्यायालयांचं काम नाही. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीच त्यात म्हटलंय की अशा अतिरेकातून अन्याय्य वाटावेत असे निकाल निघतात, आणि प्रत्येक राज्याची स्वतःची घटना व राज्यांची न्यायालयं यांचा मार्ग खुला आहे.

तो मार्ग नॉर्थ कॅरोलिनात काही काळ चाललाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४-३ ने विधिमंडळाचा नकाशा राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवला, त्यातूनच ७-७ चा निकाल आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायाधीशांची निवडणूक झाली (इथे न्यायाधीश पक्षाच्या नावावर निवडून येतात), न्यायालय ५-२ रिपब्लिकन झालं, आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच खटल्याची पुन्हा सुनावणी घेऊन आधीचा निकाल फिरवला गेला. राज्याच्या घटनेतला शब्दही बदलला नव्हता.

‘सीमा कुणीतरी आखणारच ना,’ असं यावर उत्तर येतं. आखणारच, पण कोण? भारतात लोकसभेच्या सीमा पुनर्रचना आयोग आखतो, अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायमूर्ती असतात, आणि खासदार-आमदार आयोगात सहयोगी सदस्य असले तरी त्यांना मताचा अधिकार नसतो. २००९ च्या निवडणुकीआधी कराड, कोपरगाव असे जुने लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेले. तक्रारी पुष्कळ झाल्या, पण सत्ताधारी पक्षाने स्वतः पेन्सिल धरली असं झालं नाही. महापालिकांत प्रभाग रचनेचा अधिकार कुणाचा यावरून महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जो गोंधळ झाला, मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ आणि पुन्हा २२७ झाले, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना पेन्सिल कुणाच्या हातात आहे याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. अमेरिकेतही अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, मिशिगन इथे मतदारांनी सार्वमत घेऊन हे काम स्वतंत्र आयोगांकडे सोपवलं.

‘पटत नसेल तर आमदार बदला’

आमदारांचे मतदारसंघ आखतात तेही आमदारच. गव्हर्नर स्टाइन डेमोक्रॅट आहेत, पण नॉर्थ कॅरोलिनात गव्हर्नरला पुनर्रचनेच्या कायद्यावर नकाराधिकार नाही. १९९६ मध्ये नकाराधिकार दिला तेव्हाच सीमा त्यातून वगळल्या. आणि मिशिगनसारखं सह्या गोळा करून नागरिकांनी घटनादुरुस्ती मतदानाला आणायची सोय इथे नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये याचाच प्रत्यय आला. टेक्सासने ट्रम्प यांच्या आग्रहावरून दशकाच्या मध्येच नकाशा बदलल्यावर नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळानेही पहिला मतदारसंघ नव्याने आखला. हेतू उघड बोलून दाखवला: १०-४ चे ११-३ करायचे. ईशान्येकडच्या या मतदारसंघातून १९९२ मध्ये इव्हा क्लेटन निवडून आल्या. १९०१ नंतर राज्यातून काँग्रेसमध्ये जाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींमध्ये त्या होत्या, आणि तेव्हापासून तिथला प्रत्येक खासदार कृष्णवर्णीय आहे. २०२४ मध्ये, आधीच अवघड केलेल्या सीमांमध्ये, डेमोक्रॅट डॉन डेव्हिस ही जागा थोडक्या मतांनी राखू शकले होते. मतदारांनी जागा काढून घेतली नाही, म्हणून मतदार बदलले.

तरी एक दार उघडं आहे आणि मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी त्याकडे जरूर बघावं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना कुठलाही मतदारसंघ नाही, ते राज्यभरच्या मतांवर निवडून येतात, तिथे कुणाची पेन्सिल चालत नाही. २०२४ मध्ये अ‍ॅलिसन रिग्ज या डेमोक्रॅट न्यायाधीशांनी तिथली जागा सुमारे ५५ लाख मतांतून ७३४ मतांनी राखली. प्रतिस्पर्ध्याने ६० हजारांहून जास्त मतांवर आक्षेप घेतल्याने निकाल मे २०२५ पर्यंत लटकला होता. २०२६ च्या नोव्हेंबरात आणखी एका जागेचं मतदान आहे. केरी-मॉरिसव्हिलच्या आपल्या वस्त्यांत मतदान करू शकणारे मराठी नागरिक ७३४ हून नक्कीच जास्त आहेत, आणि त्यांतले बरेच जण मतपत्रिकेवर न्यायाधीशांच्या नावांपर्यंत पोहोचण्याआधीच थांबतात.